रेवसच्या धक्क्यावरची तीन चाके

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच मुंबई बंदरात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांमधून वाट काढीत निघते आणि तासा-सव्वातासाने धरमतर खाडीच्या मुखाशी, रेवसच्या धक्क्याला लागते. मुंबईच्या घाऊक बाजारातून खरेदी करून परतणारे छोटे दुकानदार, लेकरांना कडेवर घेतलेल्या माहेरवाशिणी, रिकाम्या पाट्या सावरणाऱ्या कोळणी, कचेरीच्या कामासाठी मुंबईला जाऊन आलेले गावकरी असे सारे एकामागून एक उतरतात आणि धक्क्याच्या वाटेने चालू लागतात. त्या वाटेच्या टोकाशी एस.टी.ची बस उभी असते. तिच्या आगेमागे असतात तीन चाकांच्या सहा आसनी रिक्षा.

नेहमीच्या उतारूच्या सहसा ध्यानात न येणारी एक गंमत या प्रवासात दडलेली आहे. मुंबई बेटावर, म्हणजे वांद्रे-शीवच्या दक्षिणेस, रिक्षांना मज्जाव आहे. त्यामुळे भाऊच्या धक्क्यापर्यंत माणूस येतो तो चार चाकांवरून. अनेक दशके ही चार चाके काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीची होती. टॅक्सी म्हणून नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि ते पर्वही संपले. एवढेसे पाणी ओलांडले की मात्र तीन चाकांचे राज्य सुरू होते. रेवसहून चोंढी, झिराड, थळ या बाजूने अलिबागकडे जाणाऱ्या रस्त्यावर बसची वेळ चुकली तर गावकऱ्यांचा भरवसा याच वाहनावर असतो.

हे पाणी कमी लेखण्यासारखे नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळात उलटली आणि ६०० हून अधिक जीव समुद्राने घेतले. त्या दुर्घटनेची आठवण या किनाऱ्यावरच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या जागी आहे. पैलतीरी पाय टेकणे आणि तिथून घरापर्यंत नेणारे चाक हाती लागणे, या दोन्ही गोष्टींचे मोल रेवसच्या वाटेवरच्या माणसाला शहरी माणसाहून अधिक कळते.

ज्या तीन चाकांवर आपल्याकडे आजही हजारो कुटुंबांची चूल पेटते, तीच तीन चाके एके काळी विलायतेतही घरोघरी होती. तिथे ती आता संग्रहालयांत, हौशी मंडळींच्या मेळाव्यांत आणि विनोदी मालिकांत उरली आहेत. एकाच कल्पनेचे दोन देशांत इतके वेगळे भाग्य का व्हावे, याचा विचार रंजक आहे, आणि व्यापारी घराण्यांनी करावा असाही आहे. कारण या कथेच्या मुळाशी हिशेब आहे.

करबचतीतून जन्मलेली मोटार

इंग्लंडमध्ये छोट्या मोटारीची परंपरा जुनी. १९०९ च्या सुमारास मॉर्गन यांनी मॅल्व्हर्न गावी तीन चाकांची हलकी गाडी घडवली. १९२२ मध्ये ऑस्टिन सेव्हन आली आणि मध्यमवर्गीय कुटुंबाला प्रथमच मोटारीचे स्वप्न परवडू लागले. परंतु तीन चाकांना खरी बरकत आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. पेट्रोल मोजून मिळत होते, पोलादाची टंचाई होती, घरात पैसा बेताचा होता आणि पावसात भिजत मोटारसायकलला जोडलेल्या साइडकारमधून बायकामुलांना नेणारा कामगार छपराच्या शोधात होता.

इथे सरकारी नियमाने त्याला हात दिला. तीन चाकांचे, सुमारे ४०० किलोच्या आतले वाहन कायद्याच्या लेखी मोटारसायकलीत मोडत असे. त्यामुळे वार्षिक कर कमी भरावा लागे आणि मोटारसायकलचाच परवाना चाले. एक चाक कमी केले की वर्षाकाठी चार पैसे गाठीशी राहत. कर बुडवणे निराळे आणि नियमाच्या चौकटीत राहून कर वाचवणे निराळे, हा भेद पेढीवर बसणाऱ्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. विलायतेतल्या तीनचाकी मोटारीचे सारे कूळ या दुसऱ्या मार्गाने वाढले.

या नियमाला एक विचित्र अट होती. मोटारसायकलच्या परवान्यावर चालवायची तर गाडीला मागे जाण्याचा गिअर असता कामा नये. १९६३ पर्यंत ही अट टिकली, आणि तिच्यापायी एकाहून एक चमत्कारिक युक्त्या जन्मल्या. प्रेस्टन येथे १९४९ पासून निघालेल्या बाँड मिनिकारचे इंजिन अवघे १२२ सी.सी.चे होते आणि ते पुढच्या एकुलत्या चाकावर स्वार झालेले असे. पुढे तिच्या सुधारित रूपात हे चाक दोन्ही बाजूंना इतके वळू लागले की गाडी जागच्या जागी गिरकी घेई. मागे जाता येत नाही ना, मग तोंडच फिरवा, असा तो सरळ तोडगा होता.

आयल ऑफ मॅन बेटावर १९६२ मध्ये निघालेल्या पील पी-५० या गाडीने तर कमाल केली. लांबी १३७ सेंटिमीटर, वजन ५९ किलो, इंजिन ४९ सी.सी.चे, दार एक, दिवा एक आणि आसनही एक. मागे न्यायची असेल तर मालकाने खाली उतरायचे आणि मागची मूठ धरून गाडी ओढून घ्यायची. आपल्याकडे भाजीची हातगाडी वळवतात त्याच चालीने! अशा जेमतेम पन्नासेक गाड्या बनल्या. आज त्यातली एखादी लिलावात आली की तिला आलिशान मोटारीची किंमत मिळते.

या कुळातले सर्वांत टिकाऊ नाव रिलायंट. टॅमवर्थ गावी १९३५ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याने १९५० च्या दशकात ‘रीगल’ आणि १९७३ मध्ये ‘रॉबिन’ ही तीनचाकी मोटार बाजारात आणली. अंग फायबरग्लासचे असल्यामुळे गंजण्याची भीती नव्हती. खाणकामगार आणि गिरणीकामगारांच्या वस्त्यांत ती लाडकी होती. पुढे दूरचित्रवाणीने तिची थट्टा आरंभली. मिस्टर बीनच्या मालिकेत बीनच्या लिंबूरंगी मिनी गाडीशी उगाच वैर धरून बसलेली, ढकलली जाणारी आणि कलंडणारी फिकट निळी तीनचाकी आपल्याही घरातल्या मुलांनी पोट धरून पाहिली आहे. ती रिलायंट रीगलच. एका गाजलेल्या मोटारविषयक कार्यक्रमात रॉबिन गाडी वळणावळणावर उलटताना दाखवली गेली. ती तशी उलटावी म्हणून आधी तिच्या यंत्रणेत मुद्दाम फेरफार केला होता, अशी कबुली सूत्रसंचालकाने नंतर दिली. गरिबाच्या वाहनावर हसणे जगात सगळीकडे सोपे असते.

बीनची ती मिनी हीदेखील टंचाईचेच अपत्य. १९५६ मध्ये सुएझ कालव्याचा पेच उभा राहिला आणि इंग्लंडवर पुन्हा पेट्रोलच्या शिधापत्रिकेची पाळी आली. तेव्हा अलेक इसिगोनिस या अभियंत्याने इंजिन आडवे बसवून, चाके अवघी दहा इंचांची ठेवून, सुमारे तीन मीटर लांबीत चार माणसांची सोय केली. १९५९ मध्ये आलेली ही मिनी २००० पर्यंत निघत राहिली आणि तिची संख्या ५३ लाखांवर गेली. चार चाकांची आणि पुरेशी स्वस्त अशी मिनी आली, लोकांच्या हातात पैसाही खेळू लागला, आणि तीन चाकांची गरज हळूहळू ओसरली. गरज संपली, तिथे जिव्हाळा उरला.

विलायती गाड्यांचे देशी नामकरण

या छोट्या ब्रिटिश मोटारी आपल्याकडेही आल्या, पण आल्या त्या देशी नावे घेऊन. हिंदुस्थान मोटर्सची स्थापना १९४२ ची. आरंभी गुजरातमधल्या ओखा बंदरात आणि नंतर कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला हा कारखाना चालला. मॉरिस टेन ही गाडी तिथे ‘हिंदुस्थान टेन’ झाली. इसिगोनिस यांनीच मिनीच्या आधी घडवलेली, १९४८ ची मॉरिस मायनर आपल्याकडे ‘बेबी हिंदुस्थान’ या लाडक्या नावाने वावरली. तिची थोरली बहीण म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्यापासून झालेली ॲम्बॅसिडर २०१४ पर्यंत निघत राहिली.

दक्षिणेत मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ट्रायम्फ हेरॉल्ड ही गाडी ‘स्टँडर्ड हेरॉल्ड’ म्हणून आणली. जुन्या पेठांतल्या लोकांना ही गाडी दोन गोष्टींसाठी आठवते. एक म्हणजे तिचे पुढचे झाकण चाकांवरच्या पत्र्यासकट पुढे उचलले जाई आणि सारे इंजिन ताटात वाढल्यासारखे समोर येई. मेकॅनिकला चाकाशेजारी उभे राहून काम करता येई. दुसरे म्हणजे तिचे वळण. अवघ्या साडेसात मीटरच्या घेऱ्यात ती पूर्ण फिरे. दोन्ही बाजूंना दुकाने, मधे हातगाड्या, अशा बोळात दुसऱ्या मोटारी अडकत तिथे हेरॉल्ड सहज वळून निघे. इंग्लंडमध्ये ती मुख्यतः दोन दारांची होती. आपल्या एकत्र कुटुंबाच्या सोयीसाठी पुढे मद्रासला तिची चार दारांची खास आवृत्ती निघाली.

व्यापारी घरात मोटार येणे ही त्या काळी साधी घटना नव्हती. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. गाडी आली की दारात रांगोळी निघे, बोनेटवर कुंकवाचा स्वस्तिक उमटे आणि पेढीवरच्या खतावणीत मोटारखर्चाचे नवे पान उघडले जाई. तीच गाडी सकाळी बाजार समितीत जाई, दुपारी वसुलीला, संध्याकाळी आजीला देरासरात किंवा मंदिरात घेऊन जाई आणि उन्हाळ्यात छपरावरच्या कॅरिअरला वळकट्या बांधून सारे घर घेऊन यात्रेला निघे. पाच माणसांच्या गाडीत आठ-नऊ जण कसे बसत, हे गणित आजच्या मोठ्या गाड्यांत फिरणाऱ्या नातवंडांना खरे वाटत नाही. गाडी घाटात तापली की रस्त्याकडेला थांबून पाणी ओतायचे आणि तेवढ्यात डबा उघडून खाकरे, पुऱ्या वाटायच्या, हाही त्या प्रवासाचाच भाग असे.

मराठी मुलखातही स्वतःच्या बळावर छोटी मोटार घडवण्याचे धाडस झाले. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ पासून ‘मीरा’ या छोट्या गाडीचे नमुने बनवले आणि पुढची सुमारे २५ वर्षे त्यांत सुधारणा करीत राहिले. मोठा कारखाना, परवाना आणि भांडवल यांची जोड या प्रयत्नाला लाभली नाही आणि ‘मीरा’ बाजारात आली नाही. तरी यंत्रमागांच्या त्या गावात, सामान्य माणसाला परवडेल अशा मोटारीचा ध्यास एका माणसाने इतकी वर्षे घ्यावा, हे विसरण्याजोगे नाही.

विलायतेतल्या रिलायंटशी मात्र आपले थेट नाते जुळले ते बंगळूरमध्ये. सिपानी यांच्या उद्योगाने १९७० च्या दशकात ‘बादल’ नावाची, फायबरग्लासच्या अंगाची तीनचाकी मोटार काढली. तिच्या आकारामुळे लोक थबकून पाहत, पण खरेदीला फारसे कोणी पुढे येत नसे. त्यानंतर १९८२ मध्ये याच उद्योगाने रिलायंट कंपनीच्या ‘किटन’ या चारचाकी गाडीवरून ‘डॉल्फिन’ आणली. वजनाने हलकी असल्यामुळे ती मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतींत चमकली. पण तिला दोनच दारे होती. डिसेंबर १९८३ मध्ये चार दारांची मारुती ८०० आली आणि बाजाराचा कौल स्पष्ट झाला. मागच्या आसनावर जाण्यासाठी आजोबांनी पुढची खुर्ची वाकवून आत शिरायचे, हे आपल्या कुटुंबव्यवस्थेला मानवणारे नव्हते. ग्राहकाच्या घरात कोण कोण राहते याचा विचार न करता माल काढला की काय होते, याचा तो धडा आहे.

नगरच्या वकिलाची दृष्टी

भारतात वाहनउद्योगाचा पाया घालणाऱ्यांत जैन समाजातील दोन मराठी मुलखातली नावे ठळक आहेत. पहिले सोलापूरचे वालचंद हिराचंद. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही क्षेत्रांत हात घालणाऱ्या या उद्योगपतीने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून पुढे फियाट आणि पद्मिनी निघाल्या. भाऊच्या धक्क्यापर्यंत माणसाला पोचवणारी काळी-पिवळी टॅक्सी ही त्यांच्या स्वप्नाची शाखा.

दुसरे नाव अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, नवलमल कुंदनमल फिरोदिया (१९१०–१९९७). व्यवसायाने वकील, वृत्तीने गांधीवादी, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले. माणसाने माणसाला ओढून न्यावे, एकाच्या सुखासाठी दुसऱ्याने घोड्याप्रमाणे धावावे, ही प्रथा त्यांच्या मनाला सलत होती. ‘रिक्षा’ हा शब्द मूळ जपानी आहे आणि त्याचा अर्थच माणसाच्या बळावर चालणारी गाडी असा आहे. त्या गाडीतून माणसाचे बळ काढून त्या जागी यंत्राचे बळ घालायचे, असा विचार फिरोदियांनी केला.

इटलीच्या पियाजिओ कंपनीची स्कूटर ‘व्हेस्पा’, म्हणजे गांधीलमाशी, तेव्हा नवी होती. तिच्याच अंगावर १९४८ मध्ये बेतलेले तीनचाकी मालवाहू वाहन होते ‘आपे’, म्हणजे मधमाशी. माल वाहण्यासाठी बनलेल्या या मधमाशीवर प्रवाशांसाठी आसन आणि छप्पर बसवले की अल्प खर्चात, एका लिटरमध्ये पुष्कळ अंतर कापणारे वाहन तयार होते, हे त्यांनी हेरले. बजाज समूहाच्या साथीने ही कल्पना उभी राहिली. १९५९ मध्ये सरकारी परवाना मिळाला आणि पुण्याच्या आकुर्डीतून निघालेली ऑटोरिक्षा पुढे देशभर आणि देशाबाहेरही पोचली.

याच दरम्यान, १९५८ मध्ये, बजाज टेम्पो ही कंपनी जर्मनीतल्या हँबुर्गजवळच्या एका कारखान्याच्या सहकार्याने उभी राहिली. त्या कारखान्याच्या वाहनांचे नाव होते ‘टेम्पो’. त्यांची तीनचाकी मालगाडी आपल्या बाजारपेठांत इतकी रुळली की नावाचा शब्दच झाला. आज मराठीत माल वाहणारी कोणतीही छोटी गाडी टेम्पोच असते, मग ती कोणत्याही कंपनीची असो. मालधक्क्यावरून पोती उचलायची, ‘टेम्पो लावा’ म्हणायचे, असे शब्द रोज ओठांवर खेळवणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते की आपण हँबुर्गच्या एका कारखान्याचे नाव घेत आहोत? बाँड मिनिकारप्रमाणे या टेम्पोचेही इंजिन पुढच्या एकट्या चाकापाशीच असे. कल्पना तीच होती. फरक इतकाच, की तिकडे तिने एका कुटुंबाची सहल साधली आणि इकडे एका पेढीचा माल वाहिला.

रेवसच्या रस्त्यावर धावणारी ‘मिनीडोअर’ ही याच बजाज टेम्पोच्या घरातली. २००५ पासून ही कंपनी फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते. लखनौच्या स्कूटर्स इंडियाची ‘विक्रम’ ही तिची सवतीभाऊ शोभावी अशी सोबतीण. रायगड जिल्ह्यात ‘विक्रम-मिनीडोअर’ ही जोडी एका दमात उच्चारली जाते. नगरच्या एका वकिलाच्या मनातली खंत आणि रेवसच्या धक्क्यावर सवारीची वाट पाहणारा चालक यांच्यातला धागा असा सलग आहे.

माथेरानची वाट

हा धागा कुठे तुटलेला होता, तेही याच जिल्ह्यात दिसते. माथेरानला मोटारींना बंदी. तिथली हवा आणि झाडी त्या बंदीमुळे राखली गेली, हे खरे. पण त्याच डोंगरावर, ऑटोरिक्षेचा शोध लागून कित्येक दशके उलटली तरी, माणसे माणसांना हातरिक्षेतून चढावर ओढून नेत राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे विजेवरच्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांचे ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करण्याचा आदेश दिला.

न धूर, न आवाज, न माणसाच्या छातीवरचा ताण. एका अर्थाने फिरोदियांच्या मनातली रिक्षा पूर्ण झाली ती इथे. जुन्या तीनचाकीच्या आठवणी कितीही गोड असल्या, तरी तिचे दोष झाकण्याचे कारण नाही. दोन स्ट्रोकच्या इंजिनांनी शहरांची हवा बिघडवली. सहा आसनांच्या गाडीत दहा-बारा माणसे कोंबून अपघात झाले. वळणावर वेग आवरला नाही तर तीन चाकांचा तोल ढळतो, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे आणि तो आठवणींपुढे नमत नाही. आठवणींचा आदर करणाऱ्याने हिशेबाच्या दोन्ही बाजू लिहिल्या पाहिजेत, जमा आणि नावे.

पूल झाल्यावर

रेवसच्या धक्क्यासमोर आता नवे दिवस उभे आहेत. बॅ. अ. र. अंतुले यांच्या कारकिर्दीपासून ज्याची चर्चा होत आली त्या रेवस-रेडी सागरी महामार्गावर रेवस-करंजा पुलाचे काम हाती घेण्यात आले आहे. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून शेजारच्या मांडव्याला रो-रो बोट जाऊ लागली आणि मोटारी समुद्र ओलांडू लागल्या. जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. पूर्वी मोटारीने अलिबागला यायचे तर पनवेल, पेण, वडखळ असा वळसा घ्यावा लागे. म्हणूनच रेवसच्या लाँचला महत्त्व होते आणि लाँच होती म्हणूनच धक्क्यावर तीन चाकांना काम होते. करंज्याचा पूल पुरा झाला की मोठ्या मोटारी थेट येतील. गावांचा उत्कर्ष होईल, रुग्णाला मुंबई जवळ येईल, माल लवकर पोचेल, जमिनीला भाव येईल. हे सारे स्वागतार्ह आहे. मात्र लाँचवरून उतरणाऱ्या, स्वतःची मोटार नसलेल्या माणसाला घरापर्यंत कोण नेईल, आणि त्याला आजवर नेणाऱ्या चालकाच्या संसाराचे काय, हा प्रश्न पुलाच्या कोणत्याही खांबावर लिहिलेला नसतो. या किनाऱ्यावर दुकाने, वखारी आणि वाड्या असलेल्या व्यापारी कुटुंबांनी तो लक्षात ठेवावा. जुने वाहन जाऊन विजेवरचे घेऊ पाहणाऱ्या चालकाला वेळेवर उभे केलेले भांडवल किंवा रोजच्या मालवाहतुकीचे ठरलेले काम हे कोणत्याही अनुदानाहून मोठे ठरू शकते.

ज्यांच्या वखारीत जुनी गाडी आहे

काही घरांत अद्याप वखारीच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, आजोबांची हेरॉल्ड किंवा बेबी हिंदुस्थान उभी असेल. भंगारवाला वजनाचा भाव सांगून गेलेला असतो आणि निर्णय पुढच्या दिवाळीवर ढकललेला असतो. अशा कुटुंबांना एक गोष्ट ठाऊक असावी. जुलै २०२१ पासून केंद्राच्या मोटार वाहन नियमांत, पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या खासगी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र सोय आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. पुढील नूतनीकरणास ५,००० रुपये पडतात. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. त्यासाठी मूळ कागद जपलेले असणे मोलाचे. जुन्या फायलींच्या गठ्ठ्यात ते सापडण्याचा संभव आहे, म्हणून गठ्ठा रद्दीत देण्याआधी उघडून पाहावा.

गाडी जपायची तर शत्रू तीन : दमट हवा, उंदीर आणि विसर. कोकणपट्टीत पत्रा लवकर गंजतो. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे, बॅटरी सोडवून ठेवावी, चाके जमिनीपासून उचलून ठोकळ्यांवर ठेवावीत आणि ताडपत्रीऐवजी हवा खेळू देणारे सुती आच्छादन घालावे. आणि घरातल्या ज्या वडीलधाऱ्याने ती चालवली आहे, त्याच्याकडून तिच्या चार गोष्टी आजच लिहून घ्याव्यात. सुटे भाग पुढेही शोधता येतील. ती आठवण मात्र दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

श्रावकाच्या चौदा नियमांत रोज ज्यांची मर्यादा ठरवायची त्यांत ‘वाहन’ही आहे. आज किती वाहनांत बसायचे, हे सकाळीच ठरवून घेण्याची रीत अनेक घरांत अजून पाळली जाते. इंग्लंडच्या कामगाराने करासाठी एक चाक कमी केले, नगरच्या वकिलाने माणसाच्या मानासाठी तीन चाके पुरेशी मानली, आणि रेवसच्या चालकाने त्याच तीन चाकांवर मुलांची शिक्षणे उरकली. तिघांनीही आधी गरज मोजली आणि मग वाहन घडवले किंवा निवडले. आज वाहन आधी घेतले जाते आणि गरज नंतर शोधली जाते. छोट्या गाड्यांची हुरहूर लागते ती बहुधा याचसाठी.

संध्याकाळची लाँच रेवसला लागते तेव्हा पाणी तांबूस झालेले असते. उतारू घाईने वाट कापतात. सहाव्या सवारीसाठी थांबलेला चालक एकदा धक्क्याकडे नजर टाकतो. काठी टेकीत येणारी एक आजी अजून मागे आहे. तो गाडी सुरू करीत नाही. आजी पोचते, पिशवी आत सरकवली जाते, पाचही जण थोडे थोडे सरकतात आणि जागा होते. मग ती तीन चाके चोंढीच्या दिशेने निघतात.